भाल्याने मासे मारायचे तर हात कुठे आवरायचा

टिटवाळ्याजवळ काळू नदीला येऊन मिळणाऱ्या एका ओहोळात मी पहिल्यांदा भाला चालवला, तो मृगाच्या पावसात. वलगण, म्हणजे पहिल्या पावसात माशांची ओहोळात चढण, लागली होती. घोटाभर पाण्यातून मासे अक्षरशः सरपटत वर चढत होते, नेम धरायचीही गरज नव्हती. पहिलाच मासा बाहेर काढला आणि त्याचं पोट फाटून पिवळी गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, गवतावर सांडली. बरोबरच्या काकांनी बॅटरीचा उजेड तिच्यावर धरला आणि विचारलं, "आता ही परत कशी भरशील?"

गळाला लागलेला मासा सोडता येतो, पागातला, म्हणजे फेकजाळ्यातला, सोडता येतो. भाला लागलेला मासा सोडला तरी मरतो. म्हणून या प्रकारात जी काळजी घ्यायची ती घाव घालण्याआधीच घ्यावी लागते. भाल्याची मोठी जमेची बाजूही तीच: जाळ्यात काय आलं ते नंतर कळतं, भाल्यासमोरचा मासा मात्र आधी नीट पाहता येतो.

आधी मोसम ठरवा. पहिल्या पावसाला नदीतले मासे अंडी घालायला ओहोळात, भातखाचरांत चढतात. कुणी त्यांना वलगणीचे म्हणतं, कुणी चढणीचे. या दिवसांत भाला घरीच राहू द्या. समुद्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ती माशांना वीण करता यावी म्हणूनच. ओहोळावर पहारा ठेवायला कुणी येत नाही, तिथली बंदी आपणच पाळायची. वलगणीची चव मलाही ठाऊक आहे आणि गावाकडे तिचं किती कौतुक असतं तेही. पण पूर्वी चार घरांपुरते मासे निघायचे, आता शहरातून गाड्या भरून माणसं येतात.

भाल्याचे खरे दिवस दिवाळी ते होळी. पाणी निवळलेलं असतं, धार संथ असते, तळ दिसतो. त्यानंतर नदी डोहाडोहांत तुटते. चैत्र-वैशाखात डोहात उरलेले मासे म्हणजे पुढच्या वर्षाचं बियाणं, त्यांना हात लावू नका.

जागा निवडताना आधी विचारा. बरेच तलाव आणि जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तिथे परवानगीशिवाय उतरलात तर ती चोरीच. नदीवरही गावात चौकशी करा. कातकरी, ठाकूर, कोळी कुटुंबांचं रोजचं कालवण त्याच पाण्यातून येतं, त्यांच्या ठरलेल्या जागा सोडून बसा. ठाण्याचं येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, म्हणून ही दोन्ही ठिकाणं वर्ज्य. वालधुनी किंवा तळोज्याच्या कासाडीसारख्या, कारखान्यांचं पाणी उतरणाऱ्या नद्यांमधला मासा ताटात घेऊ नका.

भाला साधाच असू द्या: सात-आठ फुटांचा वाळलेला बांबू, टोकाला तीन ते पाच धारदार काटे आणि काट्यांना उलटी आकडी. बोथट काटा मासा धरत नाही, नुसता जखमी करून सोडतो. लोकलने किंवा दुचाकीवरून नेताना काट्यांवर जाड रबरी नळीचे तुकडे चढवा.

आता नेमाकडे वळू. पाण्यातला मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. अगदी डोक्यावरून पाहिलं तरी ४० सेंटिमीटर खोल असलेला मासा ३० सेंटिमीटरवर वाटतो आणि तिरकं पाहिलं तर फरक आणखी वाढतो. नवशिक्याचा घाव म्हणूनच माशाच्या वरून जातो. उपाय सोपा आहे. काट्यांचं टोक आधीच, आवाज न करता, पाण्यात उतरवून ठेवा. बांबू पाण्याच्या रेषेवर मोडल्यासारखा दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका. टोक आणि मासा दोन्ही पाण्यात आहेत, त्या दोघांचीच रेघ जुळवा. सराव बटाट्यावर करा, तो तळाशी बसतो. दहापैकी आठ वेळा लागेपर्यंत जिवंत माशावर हात उचलू नका.

रात्री दोघांनी जा, गुडघ्याच्या वर पाण्यात उतरू नका. बारवी आणि भातसा धरणांखालच्या पात्रात पाणी सोडलं की पातळी चढते, म्हणून काठावरच्या एका दगडावर खूण धरून ठेवा. पाय प्रवाहाच्या उलट दिशेने हळू टाका, म्हणजे उठलेला गाळ मागे जातो. भाला फेकायचा नाही. मासा आवाक्यात आला की डोक्याच्या जरा मागे एकच सरळ दाब द्यायचा आणि तळाशी दाबून धरायचा. मासा ओळखू येत नसेल, नुसती सावली हलत असेल, तर थांबायचं. ती सावली कासवाची असू शकते आणि कासव मारणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

मरळ हवा घ्यायला वर येते, त्यामुळे ती सोपं सावज वाटते. पण तिच्याभोवती पाणी नीट पाहा. तांबूस-नारिंगी पिल्लांचा थवा पृष्ठभागाशी वळवळत असेल तर खालची मरळ पिल्लं राखते आहे. ती गेली की इतर मासे तो थवा बघता बघता फस्त करतात. तिथून मागे फिरा. उलट चिलापी (तिलापिया) परकी आहे आणि झपाट्याने वाढते, ती आधी मारा. बाकी माशांत दीड वितीपेक्षा लहान नको आणि घरच्या एका कालवणापुरतेच, हा माझा नियम.

मासा बाहेर काढल्याबरोबर डोक्यावर घाव घालून संपवा, तडफडत पिशवीत टाकू नका. पाण्यात सुरुंग लावणं, विष टाकणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. ब्लीचिंग पावडर ओतलेली दिसली तर पोलिसांना कळवा.

घरी मासा साफ करताना पोट जपून उघडा. फाल्गुनाच्या सुमारास एखाद्यात गाभोळी धरू लागलेली दिसली, तर त्या दिवशीच भाल्याचे काटे पुसून, तेल लावून तो माळ्यावर ठेवून द्या.