पीसी तापतोय? आधी पंख्यांची दिशा तपासा

गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की डेस्कटॉप मंदावतो, कधी आपोआप बंदही पडतो. नवा कूलर घेण्याआधी हे करून बघा.

१. पीसी चालू असताना टिश्यू पेपरचा तुकडा बाहेरून जाळीवर धरा. पुढच्या जाळीला तो चिकटला पाहिजे, मागच्या जाळीवरून उडाला पाहिजे.

२. उलटं होत असेल तर तो पंखा उलटा बसलाय. प्लग काढा, चार स्क्रू सोडवा आणि पंखा फिरवून लावा. ज्या बाजूला स्टिकर आणि मोटर धरणाऱ्या काड्या दिसतात, तिकडून हवा बाहेर पडते. पुढच्या पंख्याची ही बाजू कॅबिनेटच्या आत हवी, मागच्याची बाहेर. नवीन जोडलेल्या पीसीतही ही चूक सापडते.

३. पुढची जाळी काढून ब्रशने झाडा.

४. मागे भिंतीपासून १५ सेंमी जागा सोडा. टेबलाच्या बंद कप्प्यात पीसी स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो, त्यामुळे तो बाहेरच ठेवा.

आत ब्लोअर मारायचा असेल तर पीसी बंद करून पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी सोडली तर भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं.