सोलर बसवण्याआधी वर्षभराची बिलं काढून बघा

छतावरच्या तीन किलोवॅट सोलरचा खर्च समजा १,८०,००० रुपये. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० अनुदान म्हणून परत आले की उरतात १,०२,०००. वर्षाला २५,००० रुपयांचं बिल वाचलं तर साधारण चार वर्षांत पैसे वसूल. विक्रेता हेच गणित सांगतो, पण रत्नागिरी-मालवणकडे त्यात थोडी कापाकापी करावी लागते. जून ते सप्टेंबर ढगांमुळे निर्मिती बरीच घटते, आणि नारळाची सावली सकाळ-संध्याकाळ पॅनेलवर पडली की आणखी. शिवाय महिन्याला शंभर युनिटच्या आत बिल असेल तर तुमची वीज मुळात स्वस्त, म्हणजे वसुली लांबणार. चाकरमान्यांच्या बंद घरावर तर बसवूच नये असं माझं मत. वापराविना उरून वीज कंपनीकडे गेलेल्या युनिटना वर्षअखेरीस भाव कमीच मिळतो.

कोटेशनमध्ये पॅनेलसाठी गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) किंवा अॅल्युमिनियमचा सांगाडा आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट लिहून घ्या. खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही, मग रंग कितीही मारा. आणि हो, बॅटरीशिवायची ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली यंत्रणा लाइट गेली की बंद पडते. वादळात तिच्या भरवशावर राहू नका.