कॉलेजच्या संघटनेत आहात? मेंबर्सना स्कॉलरशिप मिळवून द्यायची कशी, आणि अडकली तर सोडवायची कशी

सोलापुरात शिकताय आणि एनएसएस, स्टुडंट चॅप्टर नाहीतर कुठल्याही विद्यार्थी संघटनेत नाव आहे, तर एक गोष्ट मनात पक्की करा. फॉर्म एकेकट्याचा असतो, पण अडकलेला फॉर्म एकट्याच्यानं सहसा सुटत नाही. म्हणून फॉर्म भरून घेणं आणि पाठपुरावा करणं ही दोन्ही कामं संघटनेनंच धरायची.

१) आधी कोण कशात बसतंय ते काढा

ग्रुपवर नुसत्या लिंका टाकून काही होत नाही, प्रत्येक मेंबरला समोर बसवून विचारा, कॅटेगरी कुठली, घरचं उत्पन्न किती, हॉस्टेलवर राहतो की रूमवर, आणि आईवडील काय काम करतात. हा शेवटचा प्रश्न आपल्या सोलापुरात सगळ्यात महत्त्वाचा. आई विडी वळत असेल तर केंद्राच्या कामगार मंत्रालयाची वेगळी स्कॉलरशिप आहे, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायची, पहिलीच्या पोराला वर्षाला १,००० पासून ते इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या कोर्सला २५,००० पर्यंत. घरात विडीचं सूप रोज मांडीवर असतं आणि पोरीला हे माहितीच नसतं, हे खरंच वाईट वाटतं.

बाकीच्या बहुतेक योजना महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर आहेत. ओपनवाल्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, म्हणजे सगळे ईबीसी म्हणतात ती, उत्पन्न ८ लाखाच्या आत पाहिजे. एससी, ओबीसीला मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाची स्कॉलरशिप. सरकारी हॉस्टेल न मिळालेल्या एससी आणि नवबौद्ध मुलांनी राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी स्वाधार योजना बघा, ओबीसीसाठी तशीच सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, त्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना प्रोफेशनल कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, उत्पन्नाची अट तीच ८ लाखाची. इंजिनिअरिंग-डिप्लोमाच्या मुलींना एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती स्कॉलरशिप वेगळी, वर्षाला ५०,०००, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. एका वेळी दोन ठिकाणी हात घालताना अटी नीट वाचा, बऱ्याच योजनांत दुसरी स्कॉलरशिप चालत नाही.

२) कागदं

उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो, तो सेतूत जूनमध्येच टाकून द्या, नंतर गर्दी होते. विडीवाल्या घरात एक गोष्ट हमखास नडते, आईच्या विडी कामगार कार्डावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. त्यात तेलुगू आडनाव असलं की स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. फॉर्म भरायच्या आधी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा आणि आधी ते दुरुस्त करा, मग फॉर्म. दुसरं म्हणजे बँक. पैसे आधारला लिंक असलेल्या खात्यात पडतात, तुम्ही पासबुक कुठलं जोडलंय त्यावर नाही, तेव्हा आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कुठली बँक जोडलीय ते, बघूनच पुढं जा.

३) अडकलं तर

आधी कुठं अडकलंय ते बघा. महाडीबीटीचा अर्ज कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग प्रिन्सिपल, मग खात्याकडं. कॉलेजातच पडून असलेल्या अर्जासाठी पूनम गेटवर आंदोलन करून काय उपयोग बे? अडकलेल्या सगळ्यांची यादी करा, अर्ज नंबर, तारीख, कुणाच्या लॉगिनला आहे. मग एक पानी निवेदन, मागणी एकच आणि स्पष्ट, अमुक इतके अर्ज अमुक तारखेच्या आत पुढं पाठवा. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर, सही, शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. निवेदन देतानाचा फोटो पेपरात आला म्हणजे काम झालं असं नाही, पोच हातात असली की पुढचा माणूस बोलायला लागतो.

तरी हललं नाही तर माहिती अधिकार, १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. आणि युजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणं कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती पाहिजेच, तिच्याकडं लेखी तक्रार टाका, तिथं समाधान नाही झालं तर विद्यापीठाच्या लोकपालांकडं अपील करता येतं. भांडणाच्या सुरात लिहू नका, तारखा लिहा.

४) केलेलं काम लिहून ठेवा

किती मेंबर्सचे फॉर्म भरले, किती सुटले, पोचांच्या झेरॉक्स, सगळं एका रजिस्टरात. हे पुढं तुमच्याच उपयोगाला येतं, काही स्कॉलरशिप संघटनेतलं काम बघूनच देतात. आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कॉम्प्युटर सोसायटीची रिचर्ड मर्विन स्कॉलरशिप चॅप्टरमध्ये पुढाकार घेणाऱ्या मेंबर्ससाठीच आहे. एनएसएसमध्ये स्वयंसेवकांना राष्ट्रीय पुरस्कार असतो. तिथं 'समाजकार्याची आवड आहे' असं लिहून भागत नाही, आकडे आणि कागद दाखवावे लागतात.

आणि फायनल इयरवाल्यांनो, जायच्या आधी ते रजिस्टर आणि पोचांची फाइल सेकंड इयरच्या दोघांच्या हातात द्या, एकाच्या नाही. रिन्यूअल दरवर्षी असतं, आणि पास होऊन गेलेल्यांचे राहिलेले हप्तेही त्याच फाइलवरून मागावे लागतात.