एआयएक्स सपोर्टला नवीन आहात? रीबूटआधी बूटलिस्ट बघा

एआयएक्स म्हणजे आयबीएमच्या सर्व्हरवरची युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्यावर स्वतःच्या नावाने लॉगिन करा, मगच रूट (सर्वाधिकार असलेला युजर) व्हा. सुडोअर्स फाइल (रूटचे अधिकार कोणाला ते ठरवणारी) व्हीआयसुडो या एडिटर कमांडशिवाय उघडू नका आणि ती बदलताना रूटचं दुसरं सेशन चालू ठेवा. हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यावर वेळ घालवत नाही.

मला बोलायचंय ते ऑल्ट_डिस्क_कॉपी या क्लोन घेणाऱ्या कमांडबद्दल. पॅचआधी रूटव्हीजीचा (ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या डिस्क-गटाचा) क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या डिस्कवर घेणं ही उत्तम सवय. पण ही कमांड जाता जाता बूटलिस्टही, म्हणजे सर्व्हरने कोणत्या डिस्कवरून उठायचं ती यादी, बदलते. बूटलिस्टला हात लावू नको सांगणारा कॅपिटल बी फ्लॅग दिला नसेल, तर पुढच्या रीबूटला सर्व्हर क्लोनवरून उठणार. पुन्हा सांगतो: मूळ डिस्कवरून नाही, क्लोनवरून! आणि रीबूट त्याच रात्री होतो असं कुठे आहे? माझ्या वाट्याला आलेला सर्व्हर क्लोननंतर कित्येक महिने सुरळीत चालला होता. मग मेंटेनन्स विंडोत रीबूट केला आणि रूटचा पासवर्ड घेईना. व्हॉल्टमधला (पासवर्ड साठवायच्या तिजोरीतला) ताजा पासवर्ड, कॅप्स लॉक बंद, तरी पुन्हा पुन्हा ३००४-००७, म्हणजे 'चुकीचं लॉगिन किंवा पासवर्ड'. सगळ्या टीमच्या ब्रिज कॉलवर एकच धोशा, पासवर्ड कोणी बदलला? कोणीच नाही. डिस्कच महिन्यांपूर्वीची, त्यामुळे पासवर्डही तेव्हाचा.

याहून वाईट म्हणजे डेटाबेस सहसा वेगळ्या व्हॉल्यूम ग्रुपवर (डिस्कच्या दुसऱ्या गटावर) असतो, त्याचा क्लोन होत नाही. म्हणजे डेटा आजचा. युजर, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), कॉन्फिग मात्र जुने. निम्म्या सर्व्हिस उठतात, निम्म्या नाही, आणि आपण नेटवर्कवाल्यांच्या मागे लागतो.

घाबरू नका, मूळ सिस्टिम जागेवर असते. आत शिरता आलं की डिस्कची यादी दाखवणारी एलएसपीव्ही कमांड चालवा. एखाद्या डिस्कसमोर ओल्ड_रूटव्हीजी दिसलं, तर तुम्ही क्लोनवर आहात. बूटलिस्टमध्ये मूळ डिस्क टाका, खात्री करा, रीबूट करा. 'जुनं दिसतंय, साफ करू' म्हणून ते ओल्ड_रूटव्हीजी उडवलंत तर संपलं. खरी सिस्टिम तीच आहे.

रूटव्हीजीचा मिरर (दोन डिस्कवर एकच डेटा) असेल तर बूटलिस्टमध्ये दोन्ही डिस्क हव्यात, प्रत्येकीपुढे बीएलव्ही=एचडी५ (बूट इमेजची जागा) असं. मिरर करणारी मिररव्हीजी कमांड चालवली म्हणजे बूट इमेजची सोय झाली असं धरून चालू नका, बूट इमेज लिहिणारी बॉसबूट वेगळी चालवावी लागते.

सिनिअरच्या नोटपॅडमधली कमांड डोळे मिटून चिकटवू नका. त्यात बी आहे की नाही, हे त्यालाही आठवत नसतं. एआयएक्सचं सर्टिफिकेट घेतलेल्यांचंही तेच. माझ्या मते चांगला सिनिअर कमांड देतच नाही, 'आधी बूटलिस्ट दाखव' म्हणतो. असा भेटला तर त्याची शिफ्ट सोडू नका.

आतच शिरता येत नसेल तर व्हॉल्टच्या इतिहासात क्लोनच्या तारखेचा पासवर्ड शोधा. तोही नसेल तर एचएमसीच्या (सर्व्हर बाहेरून सांभाळणाऱ्या मशीनच्या) कन्सोलवरून एसएमएस मेन्यूत (सिस्टिम उठण्याआधीच्या फर्मवेअर मेन्यूत) जा आणि मूळ डिस्क निवडून बूट करा, त्याला रूटचा पासवर्ड लागत नाही. वर आल्यावर बूटलिस्ट मात्र आठवणीने दुरुस्त करा.