पांढऱ्या चिप्पीचे लिनोकट

कांदळवनाचे मुद्राचित्र करायचे असेल, तर आधी झाड निश्चित करावे, कारण 'खारफुटी' म्हणून सरसकट रेखाटलेली मुळांची गुंतवळ कोणत्याच खाडीची नसते. कांदळाची आधारमुळे खोडापासून कमानीने चिखलात उतरतात, तिवराची श्वसनमुळे बारीक आणि सरळ वर येतात, तर पांढऱ्या चिप्पीची बुडाशी जाड व शेंड्याकडे निमुळती असतात. महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष म्हणून याच चिप्पीची निवड केली. तिची गोलसर, जाड पाने आणि ठसठशीत मुळे लिनोला, म्हणजे कोरून छाप घ्यायच्या लिनोलियमच्या ठोकळ्याला, फार मानवतात. तिवराच्या बारीक मुळांशी नवशिक्याने झटापट करू नये.

रेखाटन ओहोटीच्या वेळी करावे. ती रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते, हे ध्यानात ठेवूनच निघावे. चिखलात उतरल्यास कोवळी मुळे पायाखाली मोडतात, म्हणून काठावरूनच काम करावे, आणि कांदळवनाची तोड निषिद्ध असल्याने नमुन्यासाठी गळालेले पानच उचलावे. भरतीचे पाणी खोडावर जिथवर चढते, तिथवर चिखलाचा पट्टा दिसतो. तो चित्रात अवश्य घ्यावा, कारण झाडाची उंची आणि पाण्याची पोहोच दोन्ही त्यावरून कळतात.

छाप उलटी उमटत असल्यामुळे रेखाटन ट्रेसिंग कागदावर घेऊन, तो पालथा घालून कार्बनने लिनोवर उतरवावे. लिनो कडक वाटल्यास थोडा वेळ उन्हात ठेवावा. कोरताना मोकळा हात नेहमी कोरणीच्या मागे असावा. आकाश रुंद कोरणीने काढून टाकावे. मुळांचा आकार मात्र भरीव ठेवून उजेडाच्या बाजूला व्ही कोरणीची एकच रेघ ओढावी, आणि ओला चिखल आडव्या, तुटक फटकाऱ्यांनी दाखवावा.

खाडीचे पाणी भरावाने अडले की झाडे उभ्याउभ्याच वाळतात. हे दाखवायला एकाच ठोकळ्यावर टप्प्याटप्प्याने कोरण्याची पद्धत उत्तम. प्रथम सगळी झाडे व चिखल फिकट राखाडी रंगात छापावेत. मग वाळलेली झाडे ठोकळ्यावरून कोरून काढावीत आणि उरलेल्या भागावर गडद हिरवा रंग चढवावा. कोरलेली झाडे कागदावर फिकटच राहतात. ठोकळा पूर्ववत होत नसल्याने प्रतींची संख्या आधीच ठरवून, खराब होणाऱ्या प्रती धरून तीन-चार कागद जास्तीचे छापावेत. दोन्ही रंग जुळण्यासाठी ठोकळा आणि कागद यांच्या जागा पुठ्ठ्याच्या काटकोनी पट्ट्यांनी पक्क्या कराव्यात.

शाई काचेवर पातळ पसरून रोलर चरचर वाजेपर्यंत फिरवावा. दाट थर बारीक रेघा बुजवतो. प्रेस नसल्यास लाकडी चमच्याच्या पाठीने कागद घासावा आणि एक कोपरा उचलून छाप तपासावी. तेलाची शाई पावसाळ्यात वाळायला कित्येक दिवस घेते, तेव्हा दुसऱ्या रंगाची घाई करू नये. वाळल्यावर खाली पेन्सिलीने डावीकडे प्रतिक्रमांक, मध्ये खाडीचे नाव व उजवीकडे सही आणि साल लिहावे.