गिअर ऑइल दुधाळ झालंय? आधी पंख्यामागचा तंगूस बघा
गोव्यातली १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी म्हणजे आउटबोर्डचं (होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचं) गिअर ऑइल तपासायची हक्काची वेळ. मांडवी-शापोऱ्याच्या खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या होडीसाठी तर हे टाळूच नका. इंजिन रात्रभर उभं ठेवा, सकाळी गिअरबॉक्सच्या दोन स्क्रूंपैकी खालचा किंचित सैल करा. पाणी जड, म्हणून तेलाआधी तेच बाहेर येतं. तेल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी त्यात घुसळलं गेलंय.

लगेच गिअरबॉक्स उघडू नका. आधी दोन्ही स्क्रूंचे वॉशर बदला. जुने पुन्हा वापरणं ही मला सर्वांत घातक काटकसर वाटते. मग पंखा काढा. शाफ्टभोवती (पंखा बसतो त्या दांड्याभोवती) अनेकदा तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉन दोरी, गुंडाळलेला असतो आणि तोच पाणी अडवणारं सील कापतो. सील बदलताना शाफ्टवर चर पडलीय का, नखाने चाचपा. चर असेल तर नवं सीलही गळेल.

नवं तेल खालच्या भोकातूनच भरा, वरच्या भोकातून बुडबुड्यांविना येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. काही तास चालवून पुन्हा तपासा. तरीही दुधाळच असेल तर मेकॅनिककडून हवेच्या दाबाची चाचणी करून घ्या. साबणाच्या पाण्यात फेस येईल तिथे गळती.