गहू नको, अंडं नको, तरी पास्ता हवा: कोकणातल्या स्वयंपाकघरात या चुका टाळा

मे महिन्यात किंवा गणपतीत चाकरमानी घरी आले की पोरांना घावणे-आंबोळ्या दोन दिवस आवडतात, तिसऱ्या दिवशी पास्ता हवा असतो. त्यात एकाला गहू चालत नाही, दुसऱ्याला अंडं. मग कुणीतरी फोनवर कृती शोधतं, मैद्याच्या जागी तांदळाचं पीठ घालतं आणि उकळत्या पाण्यात पास्त्याची पेज होते. बिनगव्हाच्या, बिनअंड्याच्या शेवया दाबायची युक्ती खरं तर शिरवाळ्यांच्या रूपाने याच किनाऱ्यावर आहे. ती सोडून तांदळाला मैद्यासारखं वागवलं की पास्ता फसतो. पास्ता फसला तर फार तर पीठ वाया जातं. ॲलर्जीचा खरा धोका गिरण, चाळण, हिंगाची डबी अशा कृतीत न लिहिलेल्या जागी असतो.

"गहू नाही घातला, रवाच घातलाय"

हे वाक्य अजून ऐकू येतं. रवा गव्हाचाच, मैदा गव्हाचाच, दलियाही गव्हाचाच. खपली हा जुना वाण असला तरी तोही गहूच. जवातही ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, असतं. तांदूळ, नाचणी, वरी, ज्वारी, बाजरी यांत ते नसतं.

गव्हाची ॲलर्जी आणि सीलिएक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲलर्जीत काही मिनिटांत अंगावर गांधी उठू शकतात, श्वास अडकू शकतो. सीलिएकमध्ये ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. वरून काही दिसलं नाही तरी आत इजा होत राहते. सीलिएकची शंका असेल तर तपासणीआधी स्वतःहून गहू बंद करू नका. गहू सुटला की रक्ताच्या तपासणीत आजार न सापडण्याची शक्यता असते.

गिरणीतून आणलेलं पीठ

घरचे तांदूळ दळून आणले म्हणजे पीठ शुद्ध, असं वाटतं. पण त्याच जात्यातून आधी कुणाचे तरी गहू गेलेले असतात आणि गिरणीच्या हवेतही गव्हाचं पीठ उडत असतं. "तांदळावर दळून द्या" असं सांगायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मोदकाच्या पिठाला ठीक. ॲलर्जी किंवा सीलिएक असलेल्या माणसासाठी ती पुरेशी नाही. तांदूळ धुऊन, सावलीत सुकवून घरी मिक्सरला दळा, नाहीतर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं बंद पाकीट घ्या. आपल्याकडच्या नियमानुसार असं लिहायला एक किलो पदार्थात ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पावसाळ्यात तांदूळ सुकतच नाहीत, तेव्हा पाकीटच बरं.

पीठ चाळायला रोजची चाळण घेतली तर केलेली मेहनत फुकट. जाळीत अडकलेली कणीक धुऊनही पूर्ण निघेल याची खात्री नसते. लाकडी पोळपाट-लाटणं आणि शेवया दाबायचा लाकडी शेवगा यांचंही तेच. या माणसासाठी स्टीलचा सोऱ्या आणि एक चाळण वेगळी ठेवा. लाटताना परथनाला हात सवयीने कणकेच्या डब्यात जातो, म्हणून तो डबा आधीच ओट्यावरून उचलून ठेवलेला बरा. आणि हात साबणाने धुवा. सॅनिटायझरने जंतू मरतात, पण अन्नातली प्रथिनं हातावरून जात नाहीत.

थंड पाण्यात पीठ मळणं

पास्ता तुटण्याचं मुख्य कारण हे. गव्हाच्या पिठाला पाणी लावून मळलं की त्यातल्या ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या प्रथिनांचं लवचिक जाळं तयार होतं. तांदळात हे जाळं होत नाही. अर्धा तास मळा की दोन तास, थंड पाण्यातला गोळा फुटणारच. तांदळाला धरून ठेवतो तो त्याचा स्टार्च, आणि साधारण ७० अंशांच्या आसपास गरम पाण्यात तो फुगून चिकट झाला तरच. मोदकाची उकड आपण काढतो ती याचसाठी.

दोन वाट्या पिठाला दोन वाट्या पाणी, मीठ, चमचाभर तेल. पाण्याला खळखळून उकळी आली की पीठ घालून ढवळा, झाकण ठेवून मंद आचेवर वाफ आणा, आणि हाताला सोसेल तितकं गरम असतानाच मळा. जुना तांदूळ जास्त पाणी पितो, नवा कमी, त्यामुळे शेवटचं पाव वाटी पाणी हातात राखून ठेवा. पास्त्याला मोदकाच्या पारीपेक्षा जास्त ताण सोसावा लागतो, म्हणून पिठातच दोन चहाचे चमचे साधा इसबगोल मिसळून घ्या. अंड्याचं धरून ठेवण्याचं काम बऱ्यापैकी तो करतो. जवसाची पूडही चालते, पण रंग मळकट येतो आणि मुलं नाक मुरडतात.

इथून दोन वाटा आहेत. लांब शेवया हव्या असतील तर शिरवाळ्यांसारखं करा: उकडीचे मुठीएवढे गोळे उकळत्या पाण्यात सोडा, शिजून वर तरंगले की गरम असतानाच सोऱ्यातून दाबा. या शेवया पुन्हा उकळायच्या नाहीत, थेट सॉसमध्ये घालायच्या. पट्ट्या हव्या असतील तर उकड जाडसर लाटून कापा आणि भरपूर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं शिजवा.

लाटताना कडा फाटत असतील तर उकड कोरडी झाली आहे. हात ओला करून पुन्हा मळा आणि ओल्या फडक्याखाली ठेवा. सोऱ्या दाबायला जोर लागत असेल तर गोळा गार झाला आहे. शिजताना लगदा होत असेल तर उकडीला वाफ कमी बसली, किंवा पाणी नुसतं गरम होतं, उकळत नव्हतं. चिवट, बुळबुळीत लागला तर इसबगोल जास्त पडला. नाचणीचा पास्ता करायचा तर निम्मं तांदळाचं पीठ ठेवा. नुसत्या नाचणीचा चुरा होतो.

उरलेला पास्ता फ्रिजमध्ये कडक होतो. तो फेकू नका, पाच मिनिटं वाफवला की मऊ होतो.

एक ॲलर्जी टाळताना दुसरी वाढणं

दूध चालत नाही म्हणून पांढऱ्या सॉसला काजूची पेस्ट घालायचा मोह सगळीकडेच होतो. आपल्याकडे तर काजू घरचाच. पण काजूची ॲलर्जी तीव्र असू शकते, आणि ज्याला काजू चालत नाही त्याला पिस्तेही बहुधा चालत नाहीत. विकतच्या बिनदुधाच्या चीजमध्ये पुष्कळदा काजूच असतो. ग्लुटेन-फ्री पास्त्याच्या काही पाकिटांत अंडं किंवा सोया असतं, तेव्हा समोरचं मोठं अक्षर वाचून थांबू नका. मागे ॲलर्जीकारक घटक लिहिणं बंधनकारक आहे, ते वाचा.

नारळ चालत असेल तर सॉससाठी दाट रसासारखं दुसरं काही नाही. तो शेवटी घाला आणि उकळी येऊ देऊ नका, नाहीतर फुटतो. टोमॅटोच्या सॉसला आंबटपणा कमी पडला तर दोन सोलं टाका. इटलीवाले रागावतील, पण लागतं छान.

फोडणीतला हिंग विसरू नका. बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. सोया सॉसमध्येही सोयाबरोबर बहुधा गहू असतो.

मासळीच्या कढईजवळ

कोळंबीची ॲलर्जी किनाऱ्यावरच्या घरात सांभाळायला सगळ्यात कठीण. त्या ॲलर्जीला बहुतेक वेळा कारण असलेलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उकळून किंवा तळून नष्ट होत नाही. कोळंबी शिजताना उठणारी वाफसुद्धा काहींना बाधते. खेकडे, जवळा, सोडे एकाच गटातले. तिसऱ्या-कालवंही बाधू शकतात. बांगडा-सुरमईचं प्रथिन वेगळं असतं, पण खायला चालेल की नाही हे डॉक्टरने ठरवायचं, आजीने नाही. पास्त्याबरोबर तळलेली तुकडी वाढणार असाल तर ती रव्यात घोळवली होती का आणि तेल आधी कशाला वापरलं होतं, हेही बघा.

"वायच खा, काय होऊचा नाय"

हा आग्रह प्रेमाचाच असतो. तरीही तो थांबवायला घरातल्या एका मोठ्या माणसाला आधीच सांगून ठेवा. पाहुण्या पोराने किती वेळा नाही म्हणायचं? खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, धाप लागली, गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या किंवा भोवळ आली, तर लिंबूपाणी देत वाट बघू नका. ॲलर्जीची गोळी अशा वेळी पुरत नाही. डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच द्या, माणसाला आडवं झोपवा, श्वास लागत असेल तर पाय पसरून बसवा, चालायला लावू नका, आणि १०८ ला फोन करा. वाडीपासून रुग्णालय लांब असेल तर गाडी कुणाची आणि चालवणार कोण, हे स्वयंपाकाला लागण्यापूर्वीच ठरवा.